आठ एमबी रॅम, तरी ‘मेमरी पुरत नाही’: जुन्या डॉस संगणकात जागा मोकळी करण्याची रीत

मामाच्या किराणा दुकानाची १९९३ पासूनची उधारी एका ४८६ (इंटेलचा जुना प्रोसेसर) संगणकात होती. मदरबोर्ड गेला, पण हार्ड डिस्क शाबूत राहिली. एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात तसाच बोर्ड मिळाला, तो बसवला. सोबत हौसेने सीडी ड्राइव्ह, माउस आणि डिस्क कॅशेही (डिस्कवरची माहिती रॅममध्ये धरून ठेवणारा प्रोग्राम) जोडून टाकला. मशीन चालू झालं, आठ एमबी रॅम मोजून झाली, आणि मामाच्या काळात रोज चालणारा क्लिपर या जुन्या भाषेत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम म्हणाला, मेमरी पुरत नाही.

रॅम कमी नव्हती, कमी होते ते पत्ते. हा फरक नीट कळला की कॉन्फिग.सिस (मशीन सुरू होताना डॉस जी वाचतो ती फाइल) मधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते समजतं, आणि मग दुसऱ्याची फाइल उतरवून घ्यायची गरज पडत नाही. म्हणून आधी पत्त्यांकडे बघू आणि मग कामाला लागू.

सगळ्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजीत टाइप करायची. पत्त्यांमधले आकडे सोळा अंकी पद्धतीचे आहेत, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ हे दहा ते पंधरासाठी येतात. माझ्याकडे एमएस-डॉस (आज्ञा टाइप करून चालवायची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) ६.२२ आहे. ५.० वरही बहुतेक गोष्टी चालतात, ६.० नंतर आलेल्या गोष्टी त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी परतीची वाट

बूट होणारी फ्लॉपी हवीच.

फॉरमॅट ए: /एस
कॉपी सी:\कॉन्फिग.सिस ए:\कॉन्फिग.जुना
कॉपी सी:\ऑटोएक्सेक.बॅट ए:\ऑटोएक्सेक.जुना

(शेवटची तीन अक्षरं काहीही चालतील, इंग्रजी हवीत एवढंच. ऑटोएक्सेक.बॅट म्हणजे सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल.) डॉस ६ मध्ये सुरू होताना ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच एफ५ दाबलं तर दोन्ही फाइली टाळून मशीन उघडतं. एफ८ दाबलं तर एकेक ओळ विचारून घेतं. ही दोन बटणं लक्षात असली की पुढे कितीही चुका झाल्या तरी मशीन हातचं जात नाही.

पत्ता कसा बनतो, स्वतः बघा

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याच्या पत्त्याच्या तारा २०, म्हणून एकूण पत्ते १०,४८,५७६, म्हणजे एक एमबी. पण त्याची रजिस्टरं (प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायच्या जागा) १६ बिटांची, आणि १६ बिटांत ६५,५३६ च्या पुढे मोजता येत नाही. इंटेलने तोड काढली ती अशी: पत्ता दोन आकड्यांत द्यायचा, सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला १६ ने गुणायचं, त्यात ऑफसेट मिळवायचा. सोळा अंकी पद्धतीत १६ ने गुणणं म्हणजे शेवटी एक शून्य लावणं, त्यामुळे ही बेरीज कागदावरही चटकन होते.

गावात पत्ता सांगतात तसंच हे आहे. ‘मारुतीच्या देवळापासून तिसरं घर’ आणि ‘पारापासून सातवं घर’ हे एकच घर असू शकतं. सेगमेंट म्हणजे खूण आणि ऑफसेट म्हणजे तिथपासूनची घरं. खुणा दर सोळा बाइटांवर आहेत, त्यामुळे एकाच घराचे अनेक पत्ते होतात.

डीबग (मेमरी बघायचा आणि बदलायचा डॉससोबतचा प्रोग्राम) सुरू करा आणि या तीन ओळी एकामागून एक द्या.

डी ४०:१३ एल२
डी ०:४१३ एल२
डी ४१:३ एल२

तिन्ही वेळा तेच दोन बाइट दिसतील, बहुधा ८० ०२. लहान बाजू आधी लिहायची इंटेलची पद्धत असल्याने हे उलटं वाचायचं: ०२८०, म्हणजे ६४०. बायोसने (बोर्डवरच पक्का बसवलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) डॉससाठी किती केबी मोजली तो आकडा याच जागी असतो. ७एफ ०२ दिसलं तर ६३९. अशा मशीनमध्ये बायोसने स्वतःसाठी एक केबी राखून ठेवलेली असते.

डी एफएफएफएफ:५ एल८

ही ओळ दिली की उजवीकडे बायोसची तारीख वाचता येते. एफ०००:एफएफएफ५ दिलं तरी तीच तारीख. आता आणखी एक, यात रॅममध्ये लिहायचं आहे. डीबगमधून क्यू देऊन बाहेर या, सीएलएसने पडदा पुसा, पुन्हा डीबग उघडा आणि द्या:

ई बी८००:० ४१ १एफ

पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा ए उमटतो. ४१ हे अक्षर, १एफ हा रंग. बी८०० पासून रंगीत पडद्याचा मजकूर सुरू होतो. आपण मेमरीत लिहिलं आणि पडदा बदलला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ६४० केबीचं कोडं तिथल्या तिथे सुटलं, कारण एक एमबी पत्त्यांतले काही पत्ते रॅमचे नसून पडद्याचे आहेत हे डोळ्यांनी दिसलं.

प्रोग्राम हेच काम करतो तेव्हा ऑफसेट अनेक वाटांनी देतो, त्यांना ॲड्रेसिंग मोड म्हणतात. डीबगमध्ये ए १०० देऊन हे टाइप करा (मूव्ह म्हणजे एमओव्ही):

मूव्ह एएक्स,बी८००
मूव्ह ईएस,एएक्स
मूव्ह डीआय,०
ईएस:
मूव्ह वर्ड पीटीआर [डीआय],१एफ४१
इंट २०

रिकामं एंटर द्या आणि मग जी=१००. एएक्स, ईएस, डीआय ही रजिस्टरं. पहिल्या ओळीत आकडा सूचनेतच आहे. दुसरीत रजिस्टरातून रजिस्टरात नेलं. पाचवीत डीआयमध्ये जो आकडा आहे तो ऑफसेट, आणि खूण ईएसची. ८०८६ मध्ये (८०८८ चाच भाऊ) चौकटी कंसात बीएक्स, बीपी, एसआय, डीआय एवढेच चालतात. बीएक्स किंवा बीपी यांतला एक, त्यात एसआय किंवा डीआय यांतला एक, आणि वर एखादा ठरावीक आकडा, अशी बेरीज करता येते. बीपी आला की खूण आपोआप स्टॅकची (प्रोग्रामच्या तात्पुरत्या आकड्यांच्या जागेची) धरली जाते. नवशिक्यांचे कितीतरी तास या एका नियमात गेले आहेत. ३८६ या पुढच्या प्रोसेसरपासून ३२ बिटांची जवळजवळ सगळी रजिस्टरं कंसात चालतात, शिवाय एकाला २, ४ किंवा ८ ने गुणताही येतं.

नकाशा

०००० पासून ९एफएफएफ पर्यंतचे सेगमेंट रॅमचे. ही झाली ६४० केबी, ६,५५,३६० बाइट, हिला कन्व्हेन्शनल मेमरी म्हणतात. ए००० पासून वरचे ३८४ केबी पत्ते आयबीएमने उपकरणांसाठी राखले. ए००० ला व्हीजीएचं (रंगीत पडद्याच्या कार्डाचं) चित्र, बी००० ला जुना एकरंगी पडदा, बी८०० ला रंगीत मजकूर, सी००० ते सी७एफएफ बहुधा व्हीजीएचा रॉम, आणि एफ००० पासून शेवटपर्यंत बायोस. मधला सी८०० ते ईएफएफएफ हा पट्टा बहुतेक मशीनमध्ये रिकामा असतो, म्हणजे १६० केबी पत्ते ज्यांच्यामागे काहीच नाही. आपली लढाई याच पट्ट्यासाठी आहे.

(विंडोज एक्सपीच्या काळात चार जीबी रॅम घालूनही सव्वातीनच्या आसपास दिसायची, तेही याच जातीचं दुखणं. ३२ बिटांचे चार जीबी पत्ते, आणि वरचा तुकडा उपकरणांनी घेतलेला.)

१९८२ चा २८६ आला तेव्हा तारा २४ झाल्या, सोळा एमबीपर्यंत पत्ते. पण ते प्रोटेक्टेड मोड या नव्या पद्धतीत, आणि डॉस राहिला रिअल मोडमध्ये, म्हणजे ८०८८ च्या जुन्या पद्धतीत. शिवाय २८६ ला एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये नेलं की परत आणायची सूचनाच इंटेलने ठेवली नव्हती. परतायचं तर कीबोर्डच्या कंट्रोलरकरवी प्रोसेसर रीसेट करायचा आणि कुठून पुढे जायचं त्याची खूण आधीच सीमॉसमध्ये (बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) ठेवायची, असा द्राविडी प्राणायाम. १९८५ च्या ३८६ ने हे सोडवलं. पत्ते ३२ बिटांचे, मोड बदलणं सोपं, आणि व्हर्च्युअल ८०८६ हा तिसरा मोड. त्यात डॉसला वाटतं आपण साध्या ८०८६ वर आहोत, आणि मागे चार-चार केबीच्या पानांनी कुठलीही रॅम कुठल्याही पत्त्यावर आणून बसवता येते. रिकाम्या पट्ट्यामागे रॅम येते ती या सोयीमुळे, म्हणून ३८६ च्या खालच्या मशीनवर यातलं निम्मं साधत नाही.

मोजणी

मेम /सी /पी

कोण किती बसलं आहे आणि कुठे, त्याची यादी येते. शेवटी ‘लार्जेस्ट एक्झिक्युटेबल प्रोग्राम साइझ’ असा आकडा असतो. एकूण मोकळी जागा न बघता हाच आकडा बघा, कारण प्रोग्रामला सलग जागा लागते. दर बदलानंतर हा वहीत टिपा, आणि एका वेळी एकच बदल करा. काहीच वर नेलेलं नसेल तर डॉस स्वतः साठ केबीच्या आसपास घेतो, स्मार्टड्राइव्ह (डॉसचा डिस्क कॅशे) तीसच्या जवळपास, सीडीसाठीचा एमएससीडीईएक्स त्याहून थोडा जास्त, वर सीडीचा ड्रायव्हर आणि माउस. मामाचा प्रोग्राम का रुसला ते एवढ्यात कळलं.

हायमेम, आणि डॉसला वर पाठवणं

कॉन्फिग.सिस मधल्या पहिल्या दोन ओळी:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डॉस=हाय,यूएमबी

एफएफएफएफ या खुणेपासून सोळावं घर मोजलं तर बेरीज बरोबर एक एमबीवर जाते. ८०८८ मध्ये तिथे विसाव्या क्रमांकाची तार नव्हतीच (मोजणी शून्यापासून), त्यामुळे पत्ता गोल फिरून शून्यावर यायचा. काही जुने प्रोग्राम या फिरण्यावर विसंबून होते. म्हणून १९८४ च्या आयबीएम एटीत २८६ ची ही तार, ए२०, एका फाटकाने बंद ठेवली, आणि फाटकाची दोरी दिली कीबोर्डच्या कंट्रोलरकडे. हायमेम हे फाटक उघडतो. मग रिअल मोडमध्येच एक एमबीच्या वरचे ६५,५२० बाइट हाती येतात, तीच हाय मेमरी एरिया. डॉस=हाय म्हटलं की डॉसचा मोठा भाग तिथे जातो आणि खाली चाळीस केबीहून जास्त जागा सुटते. २८६ असेल तरी एवढं मिळतंच.

खात्री करायची असेल तर एफ५ ने उघडलेल्या मशीनवर डीबगमध्ये डी ०:० एल१० आणि डी एफएफएफएफ:१० एल१० द्या. फाटक बंद असेल तर दोन्हीकडे तेच सोळा बाइट दिसतात. मग नेहमीसारखं सुरू करून पुन्हा बघा, आता ते वेगळे दिसायला हवेत.

ईएमएम३८६

डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई एनओईएमएस

ही ओळ हायमेमच्या नंतरच हवी. ईएमएम३८६ ला रॅम हायमेमकडून मागून घ्यावी लागते, क्रम चुकला तर तो बसतच नाही. बसला की प्रोसेसर व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये जातो आणि रिकाम्या पट्ट्यामागे रॅम येते. तिथले तुकडे म्हणजे अपर मेमरी ब्लॉक. वरच्या ओळीत यूएमबी लिहिलं होतं ते डॉसने हे तुकडे वापरावेत म्हणून.

एनओईएमएस की रॅम, हा खरा निर्णय आहे. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक्स्पांडेड मेमरीची पद्धत ठरवली. ती मला पोथीसारखी वाटते. पोथीची पानं सुटी असतात, ठवणीवर हवी तेवढीच काढून ठेवायची, बाकीची रुमालात. इथे ठवणी ६४ केबीची, पान १६ केबीचं, म्हणजे एका वेळी चार पानं. ही ठवणी त्याच १६० केबीच्या पट्ट्यात मांडावी लागते, म्हणून रॅम लिहिलं तर ड्रायव्हरांसाठी ९६ केबीच उरतात. प्रोग्राम एक्स्पांडेड मेमरी मागत नसेल तर एनओईएमएस ठेवा. मागत असेल (जुनी स्प्रेडशीटं आणि बरेचसे खेळ मागतात) तर त्या जागी रॅम लिहा.

पडदा रंगीत व्हीजीए असेल तर एकरंगी पडद्याचे ३२ केबीही मागता येतात:

डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई एनओईएमएस आय=बी०००-बी७एफएफ

काही व्हीजीए कार्डं हा भाग स्वतःच वापरतात, मग पडदा बिघडतो किंवा मशीन गोठतं. तसं झालं तर एफ५ दाबून उघडा आणि तेवढा शब्द काढून टाका. उलट नेटवर्क कार्डाने वरच्या पट्ट्यात जागा घेतली असेल तर ती एक्स= लिहून वगळा. कार्डाची जागा त्याच्या जंपरवर किंवा सोबतच्या फ्लॉपीवरच्या सेटअपमध्ये ठरते. ती वगळली नाही तर मशीन उघडतं, पण नेटवर्क मधेच तुटतं, आणि मग माणूस केबल बदलत बसतो.

सामान वर चढवणं

कॉन्फिग.सिस मध्ये पुढच्या ड्रायव्हरांच्या ओळीत डिव्हाइस च्या जागी डिव्हाइसहाय लिहा. ऑटोएक्सेक.बॅट मध्ये प्रोग्रामच्या आधी एलएच. हायमेम आणि ईएमएम३८६ यांना मात्र साधं डिव्हाइसच हवं, कारण वर जायची वाट तेच तयार करतात. स्मार्टड्राइव्ह जागा दिसली तर स्वतःच वर जातो.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. काही ड्रायव्हर बसताना मोठी जागा मागतात आणि बसल्यावर आकसतात. तुकडा आकसलेल्या आकाराला पुरेसा असतो, पण बसण्याच्या क्षणी अपुरा पडतो, मग ड्रायव्हर मुकाट्याने खाली जातो आणि कुठलीही चूक दाखवत नाही. म्हणून मोठे आधी, छोटे नंतर, आणि दर वेळी मेम /सी. माझ्याकडे एमएससीडीईएक्स माउसच्या आधी आणल्यावरच दोघंही वर मावले. डॉस ६ मध्ये मेममेकर हे क्रमाचं गणित करून देतो. नाही पटलं तर मेममेकर /अनडू. सुरुवात मेममेकरने करून शेवटचा हात मी स्वतः फिरवते. पट्टा बी००० ला आहे की नाही, ठवणी हवी की नको, हे आपल्याइतकं त्याला कळत नाही.

मावतच नसेल तर सामान हलकं करा. एमएससीडीईएक्सच्या ओळीत /एम: चा आकडा दहा असेल तर चार करा. प्रत्येक बफर दोन केबीचा, म्हणजे बारा केबी सुटले. माउससाठी मूळ ड्रायव्हरऐवजी फुकट मिळणारा क्यूटमाउस घ्या, तो तीन-चार केबीत भागवतो. फाइल्स= चा आकडा प्रोग्राम मागेल तेवढाच ठेवा, एकेकाला साठेक बाइट जातात. क्लिपरच्या प्रोग्रामांना मात्र तो जास्त लागतो, तिथे हात आखडू नका. लास्टड्राइव्ह=झेड लिहायची सवय सोडा. स्टॅक्स=०,० ने दोन-तीन केबी मिळतात, पण मशीन अडकायला लागलं तर ती ओळ परत काढा.

एवढं केल्यावर सहाशे केबीच्या वरचा सलग आकडा सहज मिळतो. मामाचा प्रोग्राम त्याच्या बऱ्याच आधी उघडला.

दोन प्रोग्रामांचं पटत नसेल तर

काही प्रोग्राम प्रोसेसरला स्वतः प्रोटेक्टेड मोडमध्ये नेऊ पाहतात. ईएमएम३८६ ने तो आधीच व्हर्च्युअल ८०८६ मध्ये ठेवलेला असतो, आणि समझोता करणारी सोय प्रोग्रामात नसेल तर तो नकार देतो. अशांसाठी फक्त हायमेम ठेवायचा. दर वेळी फाइल बदलण्यापेक्षा डॉस ६ चा मेनू करा:

[मेनू]
मेनूआयटम=साधा
मेनूआयटम=पोथी
मेनूआयटम=उघडा

[कॉमन]
डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डॉस=हाय,यूएमबी

[साधा]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई एनओईएमएस

[पोथी]
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई रॅम

[उघडा]

सीडीच्या ड्रायव्हरची ओळ प्रत्येक भागात ईएमएम३८६ च्या खाली पुन्हा लिहा. ऑटोएक्सेक.बॅट मध्ये गोटू %कॉन्फिग% लिहून याच नावांची लेबलं करा. ‘उघडा’ मध्ये वरचा पट्टा नाही, तेव्हा तिथे सीडी आणि कॅशे वगळलेलेच बरे.

खरं मशीन नसेल आणि डॉसबॉक्सवर (आजच्या संगणकात जुना डॉस संगणक उभा करणारा प्रोग्राम) काम भागत असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये एक्सएमएस (एक एमबीच्या वरची मेमरी), ईएमएस (एक्स्पांडेड मेमरी) आणि यूएमबी या तिन्ही ओळी ट्रू असाव्यात. बाकी डोकेदुखी तिथे नाही, कारण सीडी आणि माउसचे ड्रायव्हर डॉसच्या जागेत बसतच नाहीत.

जागा जास्त झाली तर

हे खरंच होतं. मामाच्या डिस्कवर पावत्या छापायचा एक छोटा प्रोग्राम होता. इतकी जागा मोकळी केल्यावर तो म्हणाला, ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’. फाइल ठणठणीत होती. डॉस वर गेल्यामुळे प्रोग्राम पहिल्या ६४ केबीतच जाऊन बसला होता. एक्झेपॅक या फाइल लहान करणाऱ्या साधनाने दाबलेल्या जुन्या प्रोग्रामांतला उलगडणारा भाग खुणेतून वजाबाकी करतो. प्रोग्राम इतका खाली असला की ती शून्याखाली जाऊन एक एमबीच्या टोकाला पोचते. तिथून पत्ता गोल फिरून परत येईल हा त्याचा भरवसा, आणि आपण तर ए२० चं फाटक उघडून ठेवलेलं. पत्ता फिरत नाही, भलत्याच जागेचे बाइट वाचले जातात. मायक्रोसॉफ्टने डॉस ५ पासून यावर इलाज दिला आहे, आणि तो डॉसबॉक्समध्येही मिळतो:

लोडफिक्स पावती.ईएक्सई

तो खालची ६४ केबी अडवून धरतो आणि प्रोग्राम तिच्या वर बसवतो. मी पावतीची बॅच फाइल केली, तिच्यात हीच ओळ घातली, आणि मेम /सी ची छापील प्रत घडी करून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली.